मेटल ऐकत इंग्रजीचा कान तयार करायचाय? ऑडॅसिटी घ्या

मेटल, म्हणजे कर्कश गिटारचं हेवी मेटल रॉक संगीत, ऐकून इंग्रजीचा कान तयार करायचा असेल, तर ऑडॅसिटी हे आवाजाच्या फाइली कापायचं-बदलायचं फुकट सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलेल्या बऱ्याच अ‍ॅप्सपेक्षा जास्त कामाला येतं. ऐरोली-घणसोलीच्या कॉल सेंटरांत मुलाखतीला जाणाऱ्या कितीतरी मुलांचं घोडं बोलण्याआधी ऐकण्यातच अडतं. पुस्तकात शब्द सुटे दिसतात, तोंडात एकमेकांना चिकटतात. ‘टर्न इट अप’चं ‘टर्निटप’ होतं. ही चिकटलेली जागा सापडायला गाणं थांबवत, घोळवत ऐकावं लागतं.

ऑडॅसिटी विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतं, अँड्रॉइडवर नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये साठवलेली गाणी कुलूपबंद असल्यामुळे यात उघडत नाहीत. सीडीवरून उतरवलेली किंवा विकत घेतलेली एमपी३ फाइल लागते. विंडोजवर एम४ए प्रकारची फाइल उघडायची तर एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं.

गायक स्पष्ट उच्चारांचा निवडा: ब्रूस डिकिन्सन, रॉनी जेम्स डिओ, रॉब हॅलफर्ड. गुरगुरणारं डेथ मेटल सुरुवातीला नकोच, त्यात स्वर एकमेकांत मिसळून जातात.

‘व्होकल रिडक्शन अँड आयसोलेशन’ हा गायकाचा आवाज वेगळा काढणारा इफेक्ट मेटलवर विशेष चांगला चालतो. ऱ्हिदम गिटार बहुतेक वेळा एक डावीकडे, एक उजवीकडे टाकलेली असते आणि गायक मधोमध. इफेक्ट मधलं ठेवतो, कडेचं काढतो. किक ड्रम आणि बेसही मध्येच असतात, म्हणून खालची मर्यादा १२० हर्ट्झच्या आसपास ठेवा. स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) मात्र राहतोच. फाइल मोनो, म्हणजे डावं-उजवं एकच, असेल तर यातलं काहीच होत नाही.

मग गाण्याचा वेग कमी करायला ‘चेंज टेम्पो’ उणे २० ते २५ टक्के. उणे ४०च्या पुढे झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात आणि ‘स’, ‘श’ची धार जाते. ‘चेंज स्पीड अँड पिच’ला हात लावू नका, आवाजच जाड होतो. चार-पाच सेकंदांचा तुकडा निवडून लूप लावा (म्हणजे तो पुन्हापुन्हा वाजेल), कंट्रोल-बी दाबून येणाऱ्या लेबलात ऐकू आलं तसं देवनागरीत लिहा आणि त्यानंतरच गाण्याचे छापील शब्द उघडा. दोन्हींत फरक पडतो तिथेच कान चुकलेला असतो. शब्द आधी वाचले की ही चूक कायमची झाकली जाते.

याच कारणाने आवाज उलटा वाजवणारा ‘रिव्हर्स’ इफेक्टही शिकणाऱ्याने वापरावा. स्लेयर या बँडच्या १९८५च्या ‘हेल अवेट्स’ गाण्याच्या सुरुवातीला ‘जॉइन अस’ मुद्दाम उलटं भरलेलं आहे, ते सुलट करून ऐकता येतं. मुद्दाम उलटवलेला आवाज लहरीच्या चित्रातही ओळखू येतो. ड्रमचा सरळ ठोका गाजरासारखा दिसतो, डावीकडे जाड आणि उजवीकडे निमुळता. उलटवला की टोक डावीकडे येतं आणि आवाज चढत जाऊन फटकन तुटतो.

जूडास प्रीस्ट या बँडवर १९९०मध्ये अमेरिकेतल्या रेनो शहरात खटला चालला, तो गाण्यात छुपे भरल्याचा आरोप असलेल्या ‘डू इट’ या दोन शब्दांवरून. ते शब्द म्हणजे श्वास सोडल्याचा आवाज आणि गिटार यांचा योगायोगाने झालेला मेळ, असं न्यायाधीशांनी ठरवलं. नसलेले शब्द कानाला कसे ऐकू येतात, हे घरी तपासता येतं. कुठलंही गाणं उलटं करून मित्राला काही न सांगता ऐकवा, ऐकू आलं ते लिहायला लावा. मग एखादं वाक्य सुचवून तेच परत वाजवा. आता त्याला ते वाक्य ऐकू येऊ लागतं. इंग्रजी ऐकतानाही अपेक्षित शब्द असाच कानावर चढून बसतो, आणि मुलाखतीत प्रश्न एक, उत्तर भलतंच होतं.

तयार तुकडे प्रत्येकी दहा वेळा जोडून, आवाजाची पातळी वाढवणारा ‘नॉर्मलाइझ’ उणे १ डेसिबलवर लावून एमपी३ करा. ठाणे-वाशी लोकलच्या खडखडाटात त्याहून हळू आवाज कानापर्यंत पोचत नाही.