नागपूर-विदर्भाचा विकास मोजताना कोणते आकडे घ्यावेत : एनएफएचएस, जनगणना की एचएमआयएस?

गडचिरोली जिल्ह्यातली बाई नागपूरच्या डागा रुग्णालयात बाळंत झाली, तर ते बाळंतपण कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात जमा होतं? विदर्भाच्या विकासावर प्रबंध, प्रकल्प किंवा बातमी करणाऱ्याने कुठलीही एक्सेल फाईल उघडण्याआधी हा प्रश्न सोडवून घ्यावा. फुकट मिळणारे तीन मोठे साठे आपल्यासमोर आहेत आणि तिघांचं उत्तर वेगळं आहे.

एचएमआयएस, म्हणजे आरोग्य खात्याची २००८ पासूनची माहिती प्रणाली, हे बाळंतपण नागपूरच्या नावावर लिहिते. उपकेंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत प्रत्येक ठिकाण आपल्याकडे जे घडलं ते दर महिन्याला भरतं. बाई कुठली, हे त्या बेरजेत उरत नाही. इतर जिल्ह्यांत यामुळे थोडाफार फरक पडत असेल, नागपुरात मात्र चित्रच उलटं होऊ शकतं. मेडिकल, मेयो, डागा ही नागपुरातली मोठी सरकारी रुग्णालयं आणि आता मिहानमधलं एम्स इथे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून तर रुग्ण येतातच, मध्य प्रदेशातल्या शिवनी, छिंदवाडा, बालाघाटहूनही येतात. गुंतागुंतीची केस ‘रेफर’ होते, बाळ नागपुरात दगावतं आणि मृत्यू नागपूरचा धरला जातो. केवळ रुग्णालयातल्या मृत्यूंवरून नागपूर आणि गडचिरोलीची तुलना केली, तर गडचिरोलीची बाळं अधिक सुरक्षित आहेत असा भयंकर निष्कर्ष निघू शकतो. त्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत, म्हणजे सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) तपासण्या आणि माहेरच्या तालुक्यात प्रसूती. खासगी दवाखान्यांची नोंद सरकारीइतकी पूर्ण नसते, हेही धरा. टक्केवारीचा छेदही अंदाजित लोकसंख्येवरून काढलेला असतो, म्हणून कधीकधी लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं.

तरीही एचएमआयएस टाकून देऊ नका. महिन्यागणिक हालचाल दाखवणारा साठा हाच. २०२० च्या टाळेबंदीत नियमित लसीकरणाचं काय झालं, हे महिन्याच्या पातळीवर इथेच तपासता येतं. एकाच तालुक्याची त्याच्याच मागच्या वर्षाशी तुलना करायची असेल तर हे आकडे कामाचे आहेत. दोन जिल्हे शेजारी ठेवायला नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजेच एनएफएचएस, दवाखान्यात न जाता घरी जातं. त्यामुळे त्या बाईचं घर नमुन्यात आलं तर तिचं बाळंतपण गडचिरोलीत मोजलं जाईल. विकासाच्या अभ्यासासाठी मला हीच रीत पटते, कारण विकास माणसं राहतात तिथे व्हायचा असतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे हे काम आहे. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. महाराष्ट्रातलं पाचव्या फेरीचं काम २०१९ मध्येच, कोरोनाच्या आधी झालं. तेव्हा ‘कोरोनानंतरचं नागपूर’ म्हणून तिचे आकडे वापरू नका. जिल्ह्याचे आकडे चौथ्या फेरीपासूनच (२०१५-१६) मिळतात आणि पाचव्या फेरीच्या जिल्हा पत्रकात १०४ निर्देशक आहेत.

पण नमुना किती, तेही पाहा. पाचव्या फेरीत देशभरात ७०७ जिल्हे आणि ६,३६,६९९ कुटुंबं होती, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. समजा त्यांत पाच वर्षांखालची २०० मुलं निघाली आणि ४० टक्के खुजी, म्हणजे वयाच्या मानाने बुटकी, आढळली. खरा आकडा सात टक्क्यांनी वर किंवा खाली असू शकतो, आणि एकाच वस्तीतली घरं एकत्र निवडलेली असल्याने त्याहूनही थोडा जास्त. ‘दोन फेऱ्यांत कुपोषण तीन टक्क्यांनी घटलं’ असं एका जिल्ह्याबद्दल छापणं म्हणूनच धाडसाचं. पत्रकातला कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवर बेतलेला असतो. तो बातमीच्या मथळ्यात नेऊ नये. बालमृत्यू दर जिल्ह्याच्या पत्रकात मिळत नाही. नीती आयोगाचा २०२३ चा बहुआयामी गरिबी निर्देशांकही याच पाचव्या फेरीतून काढलेला आहे. तो एनएफएचएसला दुजोरा म्हणून देणं म्हणजे एकच साक्षीदार दोनदा उभा करणं.

नागपूरकरांसाठी आणखी एक अडचण. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती, त्यातली २४ लाख महानगरपालिका हद्दीतली. जिल्ह्याच्या सरासरीत निम्म्याहून अधिक वजन शहराचं. रामटेक तालुक्यातला देवलापारचा आदिवासी पट्टा किंवा भिवापूर, कुही त्या सरासरीत दिसतच नाहीत.

तिथे जनगणनेला पर्याय नाही. १४ तालुके, प्रत्येक गाव: साक्षरता, अनुसूचित जमाती, कामकरी लोक, शौचालय, पाणी, आरोग्य केंद्र गावात आहे का आणि नसेल तर पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की त्याहून लांब. डोळ्यांत भरण्यासारखा दोष एकच, तिचं वय. २०११ नंतर जनगणना झालेली नाही, पुढची २०२७ ची आहे. रस्ते, शौचालयं, गॅस यांबद्दल २०११ चे आकडे ‘आजची स्थिती’ म्हणून देणं चुकीचंच. पण कोणता तालुका कोणाच्या मागे होता, हा क्रम ठरवायला ते अजूनही चालतात. आरोग्याबद्दल ती जवळपास गप्प असते.

मराठीतून सुरुवात करायची असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ घ्या. शाळा, सिंचन, दवाखाने, सगळं तालुकावार एका जागी. मात्र ते बहुतांशी काय बांधलं हे सांगतं, लोकांना काय मिळालं हे नाही. अनुशेषाची, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागे राहिला याची, आपली जुनी चर्चाही, १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून, बरीचशी अशाच सोयीसुविधांच्या मोजणीवर चालली. तिला आरोग्याच्या निष्पत्तीची जोड देण्याची संधी या पिढीच्या अभ्यासकांना आहे, आणि ती त्यांनी घ्यावी असं मनापासून वाटतं.

तर निवड अशी करा. विदर्भातले जिल्हे एकमेकांशी ताडायचे असतील तर एनएफएचएस, आणि जमलं तर पूर्व विदर्भ-पश्चिम विदर्भ असे जिल्हे एकत्र करून, म्हणजे नमुना वाढतो. त्यासाठी कच्ची माहिती नोंदणी करून मिळवावी लागते आणि स्टाटा किंवा आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर यायला हवं. तालुका किंवा गाव हाच विषय असेल तर जनगणना पायाला आणि एचएमआयएस वर. त्या दोघांत विसंगती दिसली की पीएचसीत जाऊन एएनएम (परिचारिका) आणि आशाताईंना विचारा, निम्मी उत्तरं तिथे मिळतील. एका महिन्यात प्रकल्प उरकायचा असेल तर जिल्हा पत्रकं आणि समालोचन पुरे.

मागच्या दशकांशी तुलना करताना हद्दी जुळवून घ्या. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला. १९९१ चा भंडारा आजच्या दोन जिल्ह्यांएवढा आहे. नागपुरातही २०११ नंतर हुडकेश्वर, नरसाळा महानगरपालिकेत आले. आज काम सुरू करत असाल तर प्रत्येक गावापुढे २०११ चा जनगणना संकेतांक लिहून ठेवा. २०२७ चे आकडे हातात आले की गावाच्या नावावरून जुळवणी करत बसावं लागणार नाही. एकाच नावाची गावं आपल्याकडे ढिगाने आहेत.