लेबल सोडून स्वतः गाणी प्रसिद्ध करतेय: काही महिन्यांनंतरचं मत

लेबलबरोबरचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीबरोबरचा, करार संपल्यावर पुढची गाणी डिजिटल वितरकामार्फत (गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवर पोहोचवणारी सेवा) स्वतःच आणायची ठरवली. आता नव्याची नवलाई ओसरलीय, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, माझ्या नावावर आहे. जुन्या करारात रेकॉर्डिंगची मालकी लेबलची होती. आगाऊ दिलेली रक्कम माझ्याच रॉयल्टीतून वळती व्हायची आणि ती पूर्ण फिटल्यावरही मास्टर त्यांच्याकडेच. मध्यंतरी एका लघुपटासाठी माझं नवं गाणं मागितलं गेलं, तेव्हा मी संध्याकाळपर्यंत होकार कळवून मोकळी झाले. पूर्वी अशा विनंत्या कायदा विभागात पडून राहायच्या आणि समोरचा कंटाळून दुसरं गाणं घ्यायचा.

पण वितरक गाणं फक्त पोहोचवतो. ते गाजवण्याचं काम त्याचं नाही, आणि लेबलमधली माणसं गुपचूप किती कामं उरकत होती ते आता कळतंय. मेटाडेटाचंच घ्या, म्हणजे गाण्यासोबत भरायच्या माहितीचं. गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं प्रत्येक गाण्यात एकाच स्पेलिंगने द्यावी लागतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. वितरक बदलताना तोच क्रमांक पुन्हा द्या, नाहीतर गाण्याचे जुने प्ले नव्या अपलोडला जोडले जात नाहीत. माझं एक गाणं माझ्याच नावाच्या दुसऱ्या गायिकेच्या पानावर जाऊन बसलं. वितरकाच्या मदत विभागाकडून आठवडेच्या आठवडे एकच ठरावीक उत्तर येत राहिलं, आणि प्रदर्शनानंतरचा सगळ्यात मोलाचा काळ त्यात वाया गेला. याचा राग अजून आहे.

पैशांचं म्हणाल तर स्ट्रीमिंगवर विसंबू नका. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम झालेल्या गाण्यालाच रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळते, आणि हिशेब हाती येतो तोही काही महिन्यांनी. बँडकॅम्प ही कलाकारांना थेट श्रोत्यांना संगीत विकू देणारी साइट डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के ठेवते. तिथे मोजकेच लोक येतात, पण ते अल्बम विकत घेतात, वर निरोपही लिहितात. माझ्यासाठी ते जास्त भरवशाचं ठरलंय.

एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही: वितरक सहसा फक्त रेकॉर्डिंगचे पैसे गोळा करतो. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. त्यासाठी हक्कसंस्थेकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर तुमच्या हक्काचे पैसे तिथेच पडून राहतात.

‘हमखास इतके स्ट्रीम’ विकणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. बनावट स्ट्रीम सापडले की गाणं काढलं जाऊ शकतं. वितरक निवडताना वार्षिक वर्गणी थांबली तर गाण्यांचं काय होणार, हेही आधी विचारा. काही ठिकाणी ती उतरवली जातात.

लेबलला माझा सरसकट विरोध नाही. मोठा दौरा, रेडिओ, परदेशातली प्रसिद्धी हे एकट्याच्या आवाक्यातलं नाही. उद्या कोणी ठरावीक वर्षांचा परवाना मागितला आणि मास्टर माझ्याकडे ठेवला, तर मी नक्की बोलणी करीन. तोवर पुढचं गाणं महिनाभर आधी अपलोड करतेय. स्पॉटिफायच्या संपादकांना ते प्रदर्शनापूर्वीच सुचवावं लागतं, आणि किमान सात दिवस आधी सुचवलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही येतं.