घरच्या मेजवानीत मागे लावायला ‘अशी ही बनवाबनवी’

पाहुणे गप्पांत आणि जेवणात गुंतलेले असताना टीव्हीवर चालू ठेवायचा चित्रपट असा हवा की, कुणी मध्येच मान वळवली तरी त्याला प्रसंग ओळखता यावा; या कसोटीला सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मराठी घरात पुरेपूर उतरतो. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे संवाद अनेकांना तोंडपाठ असल्याने आवाज अगदी कमी ठेवला तरी काही बिघडत नाही, आणि साडी नेसलेले लक्ष्मीकांत पडद्यावर आले की अमराठी मित्रालाही गंमत कळते. अडचण एकच आहे: डोहाळजेवणाचे गाणे लागले की गप्पा थांबतात आणि सगळेच गाऊ लागतात. ज्यांना निवांत बोलत बसायचे आहे, त्यांनी एखादा संथ चित्रपट निवडावा.