बालाघाटाच्या कडेवर दोन पावसाळे: ग्लायडरमधल्या डिजिटल सर्वोंचा अनुभव

बीडमध्ये माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात जळालेल्या पाणबुडी मोटारींची रांग लागते. आलेला शेतकरी आधी कंपनीला बोल लावतो आणि मी त्याला आधी एकच विचारतो, विहिरीपर्यंत केबल कोणती टाकली आणि शेवटच्या टोकाला व्होल्टेज किती मिळतं? हाच प्रश्न मी माझ्या ग्लायडरला वेळेवर विचारला असता, तर एक पंख वाचला असता.

ग्लायडर म्हणजे रिमोटने चालवायचं छोटं विमान. माझं दोन मीटर पंखांचं, वजन सव्वा किलोच्या आसपास. मोटार नाही, पंखा नाही. मांजरसुंब्याच्या बाजूला बालाघाटाची जी कड पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, तिथे आषाढातला वारा धडकून वर उसळतो. त्यात हाताने सोडून दिलं की ग्लायडर अर्धा-पाऊण तास सहज तरंगतं. विमानाच्या हलत्या पट्ट्या हव्या तेवढ्या फिरवून धरणाऱ्या छोट्या मोटारी म्हणजे सर्वो. असे सहा सर्वो आहेत: दोन एलेरॉनला (पंखांच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या), दोन फ्लॅपला (पंखांच्या मुळाकडच्या, वेग कमी करणाऱ्या), एक एलिव्हेटरला (शेपटीचा, नाक वरखाली करणारा), एक रडरला (शेपटीचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा). कडेच्या खाली धनगरांची मेंढरं चरतात, सोबत पोरं असतात. त्यामुळे सर्वो भरवशाचा आहे का, हा माझ्यासाठी हौसेपुरता प्रश्न नाही. सव्वा किलोची वस्तू वेगाने खाली आली तर काय होईल, हे मला प्रत्येक वेळी डोळ्यासमोर दिसतं.

आधी सगळे ॲनालॉग सर्वो होते. दोन वर्षांपूर्वी सहाही बदलून १२ ग्रॅम वजनाचे, धातूच्या गिअरचे डिजिटल बसवले. फरक कळायला उडवायचीही गरज नाही. बॅटरी जोडा आणि हॉर्नवर, म्हणजे सर्वोच्या फिरत्या दांडीवर, बोट ठेवून हळूच दाबा. ॲनालॉग आधी थोडा सरकतो आणि मग जोर लावतो. डिजिटल जागचा हलत नाही, बोटाखाली बारीक गुणगुण मात्र जाणवते. कारण साधं आहे. रिमोटचे इशारे घेणाऱ्या ग्लायडरमधल्या रिसीव्हरकडून दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, येतो आणि १.५ मिलिसेकंदांचा पल्स म्हणजे हॉर्न मधोमध. ॲनालॉग सर्वो मोटारीला त्या पल्सच्याच ठेक्यावर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा रेटा देतो. डिजिटलमधला छोटा प्रोसेसर तेच काम सेकंदाला ३०० किंवा त्याहून जास्त वेळा करतो. म्हणून एलिव्हेटर जिथे थांबवाल तिथेच थांबतो. वाऱ्यात कडेला समांतर वेगाने जाताना पूर्वी नाक किंचित वरखाली व्हायचं, ते पहिल्याच दिवशी बंद झालं. तेवढ्यासाठी तरी मी परत ॲनालॉगकडे जाणार नाही.

पण हा रेटा फुकट मिळत नाही, तो बॅटरीतून येतो.

पहिल्या पावसाळ्यात, श्रावणातली गोष्ट. वारा चांगला होता. उतरायचं म्हणून मी ब्रेक लावला, म्हणजे दोन्ही फ्लॅप खाली आणि दोन्ही एलेरॉन वर. त्याच क्षणी एलिव्हेटरही दाबला. ग्लायडर गप्प झालं. ट्रान्समीटरच्या काड्या मी हलवतोय आणि तिकडे काहीच होत नाही. दोन-तीन सेकंदांनी ताबा परत आला, पण तोवर नाक खाली गेलं होतं. खालून एका आबांनी हाक दिली, "आवं, तुमचं इमान तुरीत पडलंय बगा!" मेंढरं लांब होती, हे नशीब. डावा पंख मुळाशी मोडला होता.

मीही त्या शेतकऱ्यांसारखाच सर्वोला बोल लावत घरी आलो. रात्री सहाही सर्वो खोलले. पांढरं ग्रीस जागेवर, दात शाबूत, मोटारीला जळका वास नाही. दुसऱ्या दिवशी तोच चार सेलचा ४.८ व्होल्टचा निकेल पॅक, तोच स्विच आणि त्याच वायरी दुकानातल्या बाकावर मांडल्या. पुतण्याला म्हटलं, तू सगळ्या काड्या एकदम हलव, आणि मीटर रिसीव्हरपाशी मिन-मॅक्सवर, म्हणजे सगळ्यात कमी व्होल्टेज पकडून ठेवेल असं, लावलं. "काका, ३.४ दाखवतंय," तो म्हणाला. इतक्या कमी व्होल्टेजवर माझा रिसीव्हर बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. सहा सर्वो एकाच वेळी धावले की अँपिअर उसळतात आणि केसासारख्या वायरी, स्वस्त स्विच, थकलेले सेल यांच्यात व्होल्टेज विरघळून जातं. सर्वो निर्दोष होते. केबल बारीक होती.

आता दोन लिथियम-आयन सेल आणि व्होल्टेज ६ वर स्थिर ठेवणारा चांगला रेग्युलेटर आहे. पंखातल्या बारीक, २६ गेजच्या वायरी काढून जाड, २२ गेजच्या घातल्या, स्विच मोठा घेतला. त्याच चाचणीत व्होल्टेज ५.७ च्या खाली जात नाही. एक ताकीद इथेच देतो. दोन सेलचा लिथियम पॅक पूर्ण भरला की ८.४ व्होल्टचा होतो. ज्या सर्वोवर ६ व्होल्टची मर्यादा लिहिली आहे त्याला तो थेट जोडू नका. हाय व्होल्टेजचे सर्वो वेगळे येतात.

दुसऱ्या पावसाळ्यातला दोष मात्र खरोखर सर्वोचा होता. एलिव्हेटर मधोमध असताना थरथरायला लागला, जमिनीवरच, हवेत जाण्याआधी. खोलून पाहिलं. आत एक पॉट असतो, हॉर्न कुठे आहे ते सांगणारा. त्याच्या काळ्या पट्टीवर बरोबर मधल्या जागी बारीकसा तुकडा घासून चकचकीत झाला होता. ग्लायडरचा एलिव्हेटर जवळजवळ सगळा वेळ मधल्या जागेच्या आसपास असतो. तिथे डिजिटल सर्वो क्षणभर गप्प बसत नाही, सतत बारीक दुरुस्त्या करत राहतो, आणि तीच जागा झिजते. त्यात आपल्याकडची धूळ. थरथर दिसली की मी तो सर्वो फेकतो. स्वच्छ करून पुन्हा वापरायचा मोह मला तरी नको.

या सहा सर्वोंच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडचा माल अस्सल होता की नक्कल, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. एकाच नावाच्या पाकिटातून घेतलेल्या दोन सर्वोंत गिअरचा रंग वेगळा निघालेला मी पाहिला आहे. नवा सर्वो आला की आधी बाकावर अर्धा तास चालवतो, हॉर्नची ढिलाई बोटाने बघतो, मग पंखात घालतो. पंखाची एलेरॉनची जागा पातळ असल्यामुळे तिथे यंदा केएसटी कंपनीचा एक्स०८ हा सर्वो घातला. जाडी ८ मिलिमीटर, झाकण पंखाच्या रेषेत बसतं. किंमत साध्या सर्वोच्या कितीतरी पट, पण पूर्ण पावसाळाभर त्याने मधली जागा सोडली नाही.

फ्लॅपचे गिअर उडतात ते हवेत नाही, जमिनीवर. आपल्या माथ्यावर सगळा काळा दगड. फ्लॅप खाली असतानाच दगडाला लागला की सगळा दणका गिअरच्या एका दातावर येतो. टेकायच्या आधी, हातभर उंचीवर, फ्लॅप वर घ्या. ही सवय लागल्यापासून माझा एकही दात गेलेला नाही.

आणि ऊन. मे महिन्यात, पारा ४२ च्या पुढे असताना, मी ग्लायडर बॅटरी जोडून उन्हात ठेवलं होतं. उचलताना सर्वोवरच्या झाकणाला हात लागला तर चटका बसला, आणि दुहेरी टेपने चिकटवलेला सर्वो जागेवरून सरकला होता. आता सर्वोला श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) घालून वरून इपॉक्सीने बसवतो, म्हणजे काढतानाही ट्यूब कापली की सर्वो मोकळा. बॅटरी अगदी सोडायच्या आधी जोडतो. तोवर ग्लायडर सावलीत, जीपखाली.

माझं मत विचाराल तर एलिव्हेटर आणि फ्लॅपला डिजिटलच घ्या, रडरला ॲनालॉग असला तरी चालतं. पण पैसे मोजकेच असतील तर आधी बॅटरी, रेग्युलेटर आणि वायरींवर घाला, सर्वो नंतर. मृग लागायच्या आत एलिव्हेटरचा सर्वो मी चांगला असला तरी बदलणार आहे. जुना पुतण्याला खोलायला देईन, पॉटवरचा तो चकचकीत डाग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून.