एका जाडजूड खंडाच्या निमित्ताने: सदाशिव पेठेतले जुन्या विज्ञान-नियतकालिकांचे दुकान

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर जुन्या वैज्ञानिक नियतकालिकांचे जे छोटे दुकान आहे, त्याला नावाची पाटी नाही आणि ती लावण्याची मालकांची इच्छाही नाही. म्हणून मीही येथे नाव देत नाही. आत शिरताच वेखंडाचा वास येतो, आणि दोन माणसे एका वेळी उभी राहिली तर तिसऱ्याला ओट्यावर थांबावे लागते. अणुकेंद्रकाच्या संशोधनाच्या इतिहासातील मूळ निबंध जमवण्याचा मला नाद आहे, आणि गेल्या दोन वर्षांत मी या दुकानातून तीन वेळा खरेदी केली.

या छंदात ‘मूळ प्रत’ हा शब्द फार फसवा आहे. निबंधाच्या लेखकाला सहकाऱ्यांमध्ये वाटण्यासाठी नियतकालिक जी सुटी प्रत छापून देई, ती ऑफप्रिंट. तिची संख्या थोडी, म्हणून किंमत सर्वांत जास्त. त्याखालोखाल मुखपृष्ठासह टिकलेला सुटा अंक, मग ग्रंथालयाने बांधून घेतलेला खंड, आणि सर्वांत शेवटी त्या खंडातून कापून काढलेली पाने. या चारही गोष्टी विक्रेते बिनदिक्कत एकाच शब्दाने विकतात. मी स्वतः एकदा इंटरनेटवरून ऑफप्रिंट म्हणून मागवलेल्या प्रतीच्या शेवटच्या पानामागे पुढच्याच निबंधाची सुरुवात निघाली होती, म्हणजे ती कापलेली पानेच होती. या दुकानात प्रत्येक वस्तूसोबत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असते आणि तीत यांपैकी नेमके काय आहे, ते स्पष्ट लिहिलेले असते. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांचा वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) वर्षावांवरचा १९३७चा निबंध मी येथूनच घेतला. चिठ्ठीवर ‘खंडातून काढलेली पाने, शिवण तुटलेली’ असे होते, आणि किंमतही त्या मानाने होती.

माझी खरी खरेदी म्हणजे ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान-साप्ताहिकाचा १४३वा खंड, जानेवारी ते जून १९३९. संग्राहकांचा जीव ऑफप्रिंटवर असतो हे मान्य करूनही, या एका खंडाबाबत मी उलट मताचा झालो आहे. ११ फेब्रुवारीच्या अंकात, २३९व्या पानावर, लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांचे संपादकांना लिहिलेले पत्र आहे: युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर हान आणि स्ट्रासमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना बेरियम सापडले, त्याचा अर्थ केंद्रकाचेच दोन तुकडे होतात आणि प्रत्येक वेळी सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते, असा. पत्राखालची तारीख १६ जानेवारीची. आठवड्याने, २७६व्या पानावर, एकट्या फ्रिश यांनी ते तुकडे प्रयोगाने दाखवल्याचे पत्र येते. आणखी पाने उलटत १८ मार्चच्या अंकापर्यंत गेलो की ४७०व्या पानावर फॉन हाल्बान, जोलिओ आणि कोवार्स्की केंद्रक असे दुभंगण्यातून, म्हणजे विखंडनातून, नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात असे सांगतात, आणि २२ एप्रिलला, ६८०व्या पानावर, त्यांची संख्या दर विखंडनामागे साडेतीन असल्याचा अंदाज देतात. आज ती अडीचच्या आसपास मानली जाते. पण एका विखंडनातले न्यूट्रॉन पुढची विखंडने घडवत जातात, त्या साखळी प्रक्रियेची शक्यता दिसायला साडेतीनही चालले आणि अडीचही चालले असते. सुटी ऑफप्रिंट हातात घेऊन हे दहा आठवडे दिसत नाहीत. मधल्या पानांवर वनस्पती, कीटक, हवामान यांवरची पत्रे नेहमीच्याच संथपणे छापून येत राहतात, आणि मला तर तीच वाचत बसावेसे वाटते.

हा खंड पाहताना माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाने फक्त फेब्रुवारीच्या अंकांतली ती दोन पाने कापून मागितली. मालकांनी नकार दिला. “पानं कापून दिली तर पैसे जास्त मिळतील, पण उरलेल्या खंडाचं मी काय तोंड बघू?” असे ते म्हणाले. दुकानात कापलेली पाने मिळतात, परंतु ती आधीच कोणीतरी कापलेली असतात.

दुसरी जमेची बाजू कागदपत्रांची. माझ्या खंडावर एका महाविद्यालयीन ग्रंथालयाचा दाखल क्रमांक आहे आणि त्यावर ‘निर्लेखित’, म्हणजे ग्रंथालयाने नोंदीतून रीतसर काढून टाकलेला, असा शिक्का आहे. तो शिक्का नसलेला ग्रंथालयीन खंड मालक विकायला ठेवत नाहीत. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ही काळजी सगळेच घेतात असे नाही. बांधणी करताना ग्रंथालयाने मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली होती, आणि हेही चिठ्ठीत होते.

तक्रारी आहेत. फाटलेल्या पानांना दुकानात साधी चिकटपट्टी लावतात. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो, आणि माझ्या भाभा-हाइटलर निबंधाच्या पहिल्या पानावर तो डाग आता कायमचा आहे. मी हे सांगितले तेव्हा मालकांनी ऐकून घेतले, पट्टी मात्र बदलली नाही. पावसाळ्यात खंड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून देतात, त्यामुळे आतली ओल आतच राहते आणि जुन्या पिना गंजतात; घरी आणल्याबरोबर पिशवी काढून टाकावी. किमतीत घासाघीस चालत नाही. खंडासाठी मी साडेचार हजार रुपये दिले आणि ते मला वाजवी वाटले. भाभा-हाइटलरची पाने, डाग धरता, थोडी महागच पडली.

सध्या मला ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी भौतिकशास्त्र-नियतकालिकाचा १ सप्टेंबर १९३९चा अंक हवा आहे, ज्यात बोर आणि व्हीलर यांनी विखंडनाची सविस्तर उपपत्ती मांडली, आणि जो जर्मनीने पोलंडवर हल्ला केला त्याच तारखेचा आहे. मालक आगाऊ रक्कम घेत नाहीत. त्यांनी माझे नाव लाल वहीत लिहून घेतले आहे. माझ्या वर आणखी दोन नावे आहेत.