हुमण पिशवीत, 17,800 त्याच्या खिशात

चवथीच्या तोंडावर आमच्या फोंड्याच्या खानावळीला तोतया फूड इन्स्पेक्टरने टोपी घातली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तोंडात अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 63 ची, म्हणजे विनापरवाना धंद्याची धमकी: तुरुंग आणि लाखांचा दंड. भिंतीवरच्या अन्न नोंदणीच्या दाखल्याची मुदत संपलेली होती, हे कबूल. ती तारीख वाचूनच तो पुढे सरसावला असणार. पण त्या कलमातून परवान्याची सूट असलेले, आमच्यासारखे नुसत्या नोंदणीवर चालणारे छोटे धंदे वगळलेत. दुपारी दीडला, सगळी टेबलं भरलेली असताना, कायदा कोण उघडून बसतो?

त्याचा हिशेब: पाच वर्षांची नोंदणी 4,500, पाणी तपासणी 2,800, कामगारांची मेडिकल 1,500, ट्रेनिंग 1,200. वर 18 टक्के जीएसटी. एकूण 11,800, यूपीआयने. सरकारी नोंदणीची फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती, म्हणजे पाच वर्षांचे 500. ती फॉसकॉस या सरकारी पोर्टलवरच भरायची, कुणाच्या क्यूआर कोडवर नाही.

खरं तर नमुना घेतला तिथेच ओळखायला हवं होतं. बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, त्याने पार्सलच्या पिशवीत ओतलं, रबर लावला आणि स्कूटरच्या हँडलला अडकवलं. तांबडा रस थेंब थेंब गळत होता, आणि आम्ही बघत उभे! खरा अधिकारी फॉर्म व्ही-ए ची नोटीस देतो, साक्षीदार घेतो, नमुन्याचे चार भाग करून सील करतो, चिठ्ठीवर तुमची सही घेतो आणि नमुन्याचे पैसे देतो. हो, पैसे तो देतो. चौथा भाग मान्यताप्राप्त लॅबला पाठवा, असं तुम्ही तिथल्या तिथे सांगू शकता. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक डबा आणि बर्फ लागतो.

संध्याकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर 'रिपोर्ट': जंतू मर्यादेबाहेर, फेल. अरे, लॅबच्या प्लेटवर जंतू वाढायलाच दोन-तीन दिवस जातात! 'बाब, 15,000 त मिटवया,' म्हणाला. घासाघीस करून 6,000 रोख दिले. नाव जाईल ही भीती. गोव्यात 2018 च्या फॉर्मेलिन प्रकरणानंतर मासळीवाल्याला ही भीती शिकवावी लागत नाही.

तक्रारीची तऱ्हा ऐका. चौकीवर म्हणाले, 'पैसे तुम्हीच दिले ना? रिपोर्ट खोटा असल्याचं लेखी आणा.' लेखी मागायला अन्न खात्याच्या कार्यालयात गेलो, तर म्हणाले, 'तो आमचा माणूसच नाही, लेखी कसलं देणार? आधी एफआयआरची प्रत आणा.' तीन खेपा झाल्या, दोनदा साहेब जेवायला गेलेले. शेवटी अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला, तोही तारखेविना. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तो चार दिवसांनी. तो त्याच तासात लावायचा असतो.

त्याने दिलेला दाखला अजून ड्रॉवरमध्ये आहे. 14 आकडी नंबर 1 ने सुरू होतो, म्हणजे परवान्याचा. नोंदणीचा 2 ने होतो. चौथा-पाचवा आकडा वर्षाचा. तिथे 19 आहे, आणि दाखला 2024 चा. पोर्टलवर टाकला तर तो नंबर भलत्याच धंद्याचा निघाला. हे तपासायला दोन मिनिटं लागली, पैसे दिल्यावर.