ऑईल कुलर बदलून पावसाळा काढला: कूलंटमध्ये तेल आलेल्या डिझेल गाडीचा अनुभव

गाडी सेकंड हँड घेतलेली, डिझेल, लाखाच्या पुढे चाललेली. एप्रिलमध्ये कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीत तपकिरी, चिकट थर दिसला, म्हणजे त्यात तेल मिसळत होतं. झाकणाच्या आतही तोच लेप. दुरुस्ती होऊन आता पावसाळा उलटला, थंडी सुरू झाली, म्हणून लिहायला हरकत नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडताक्षणी निकाल लागला: "हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. हेड, फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं), गॅस्केट किट, नवे बोल्ट धरून पाच आकडी अंदाज. मला घाई पटली नाही, कारण डिपस्टिकवरचं (ऑईल मोजायच्या पट्टीवरचं) ऑईल स्वच्छ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता आणि सकाळी गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरचा वरचा होस (रबरी नळी) लगेच फुगून कडक होत नव्हता.

तेल पाण्यात येतं पण पाणी तेलात जात नाही, याचं कारण दाबात आहे. चालत्या इंजिनात ऑईलचा दाब साधारण तीन-चार बार असतो, कूलंटचा बाटलीच्या झाकणामुळे एक-सव्वा बारच्या आसपास. वाट सापडली की जास्त दाबवालं कमी दाबाकडे घुसतं. इंजिन बंद केल्यावर मात्र ऑईलचा दाब शून्य होतो आणि कूलंटचा थोडा वेळ टिकतो, म्हणून डिपस्टिकवर नजर ठेवायलाच हवी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आणखी एक संशयित: बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कुलर रेडिएटरच्या पोटात असतो आणि तो फुटला की बाटलीत गुलाबी दुधाळ काला होतो. माझी मॅन्युअल, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

दुसऱ्या मेस्त्रींनी आधी निळ्या लिक्विडची टेस्ट केली. बाटलीच्या तोंडावर नळी बसवायची, कूलंटवरची हवा त्या लिक्विडमधून ओढायची. त्यात जळलेला गॅस असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा होतो. आमचा निळाच राहिला. बाटलीतली पातळी आधी खाली करून घ्या, तेलाचा फेस नळीत ओढला गेला तर टेस्ट वाया जाते. शिवाय रंग बदलला नाही म्हणजे गॅस्केट शंभर टक्के निर्दोष असंही नाही. ते फक्त ऑईलच्या आणि पाण्याच्या वाटेमध्येही फाटू शकतं. म्हणून ऑईल कुलर, म्हणजे जिथे कूलंट इंजिन ऑईलला गार करतं तो भाग, बाहेर काढून तपासणं भाग होतं.

तो ऑईल फिल्टरच्या हाउसिंगला चिकटलेला, पातळ ॲल्युमिनियमच्या प्लेट एकावर एक जोडून केलेला हातभर नव्हे, तळहाताएवढा तुकडा. मेस्त्रींनी एका बाजूची भोकं रबर आणि पट्टीने बंद केली, दुसऱ्या बाजूने रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा दिली आणि कुलर बादलीत बुडवला. गार पाण्यात काहीच नाही. मग गरम पाणी ओतलं, आणि कोपऱ्यातल्या जोडातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे एका रांगेत वर यायला लागले. हेड वाचलं! बहुधा आधीच्या मालकाने कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं असावं, रेडिएटरमधला गंज तसंच सांगत होता.

कुलर आणि त्याच्या ओ-रिंग (रबरी सील) बदलायला दुपार पुरली. खरा घाम निघाला तो सफाईत. रेडिएटरचा प्लग काढला तरी ब्लॉक आणि हीटरमधलं बरंच पाणी आतच राहतं. थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना कूलंटची वाट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवला, हीटर फुल गरमवर ठेवला, डिशवॉशर मशीनची कमी फेसाची पावडर गरम पाण्यात विरघळवून गाडी चालू ठेवली, काढली, परत भरली. भांड्यांचा नेहमीचा लिक्विड साबण घालू नका, फेसाने पंप हवा खातो. ही पावडर ॲल्युमिनियमला मानवत नाही, त्यामुळे रात्रभर आत सोडायची नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. हीटर कोअरला (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरला) उलट्या बाजूने, हलक्या दाबाने पाणी दिलं तेव्हा लोण्यासारखे गोळे बाहेर पडले. बाटली धुण्यात वेळ न घालवता नवीच घेतली. निघालेलं पाणी ड्रममध्ये साठवलं. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड, गटारात सोडलं तर गल्लीतली कुत्री चाटतात.

आता निकाल. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला एसी लावून ओबीडीवर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं तापमान पूर्वी १०३-१०४ अंश दिसायचं, आता ९५-९६ च्या पुढे जात नाही. आतल्या पत्र्यांवरचा तेलाचा थर गेल्याचा हा फरक. हीटरही महाबळेश्वरला नीट गरम झाला. मात्र पहिले दोन महिने बाटलीत तेलाचा तवंग परत येत राहिला आणि दर वेळी पोटात गोळा यायचा. टिश्यूने टिपायचा, पातळी लिहून ठेवायची. कूलंट कमी होत नव्हतं, इंजिन ऑईलही जागच्या जागी, म्हणजे ते जुनंच उरलेलं तेल. जुलैत कूलंट पुन्हा बदललं, डीमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं, त्यानंतर तवंग नाही.

नाराजी एकच: होस. कूलंटचे होस बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात आणि त्या रबराला तेल सोसत नाही. दुरुस्तीच्या वेळी "चालतील अजून" म्हणून ठेवलेला वरचा होस सप्टेंबरात क्लिपजवळ फुगला. दाबला की बोट रुतायचं. कुलरसोबतच सगळे बदलले असते तर दुसरी मजुरी आणि हवा काढायचा खटाटोप वाचला असता. वरचा-खालचा बदलून झालेत, हीटरचे दोन पुढच्या सर्व्हिसला.